उसनं घर, उघडं अंग आणि पाण्यातली ठकठक

मंडळी, आज आपण ज्या कलाकृतीबद्दल बोलणार आहोत तिच्यातला मुख्य कलावंत एक खेकडा आहे. तोही बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, शंखात राहणारा. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात. काही जण मराठीत संन्यासी खेकडा म्हणतात, पण आम्हाला ते नाव पटत नाही. संन्याशाने घर सोडलेलं असतं, आणि या गड्याचं सगळं आयुष्य घराच्या शोधात जातं. आपण त्याला सरळ शंखातला खेकडा म्हणू. जपानी भाषेत मात्र त्याला नेमकं नाव आहे, 'याडोकारी'. याडो म्हणजे मुक्कामाची जागा आणि कारी म्हणजे उसनं घेणं. थोडक्यात, बिऱ्हाडकरू.

आपल्याकडे 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात. खरं बघायला गेलं तर विंचवाच्या पाठीवर घर नसतं, त्याची पिल्लं असतात. घर पाठीवर घेऊन फिरणारा हा खेकडा.

तर या खेकड्याला घर देऊ केलं अकी इनोमाता या जपानी कलाकार बाईंनी. जन्म १९८३, गाव टोकियो. २००९ साली त्यांनी एक काम सुरू केलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ साधारण असा होईल : 'शंखातल्या खेकड्यांना एक निवारा देऊन पाहिला तर?' प्रदर्शनात तुम्हाला काय दिसतं? पाण्याची एक स्वच्छ टाकी. तळाशी एक खेकडा, आणि त्याच्या अंगावर पारदर्शक कवच. कवचाच्या वरच्या भागावर एखादं शहर कोरल्यासारखं उभं आहे. कुठे न्यूयॉर्कच्या उंच इमारती, कुठे पवनचक्क्या. खेकडा चालतो तेव्हा शहर चालतं. शेजारी छायाचित्रं आणि चित्रफीतही असते, तिच्यात खेकडा एका कवचातून दुसऱ्यात जाताना दिसतो. एवढंच.

हे सुचलं कशावरून, ते ऐकण्यासारखं आहे. टोकियोतली फ्रेंच वकिलातीची जुनी इमारत पाडायची होती, आणि पाडण्याआधी २००९ मध्ये तिथे 'नो मॅन्स लँड' नावाचं कलाप्रदर्शन भरलं. इनोमाता सांगतात की तेव्हा त्यांना कळलं, ही जमीन आतापर्यंत फ्रान्सची होती, ती आता पन्नास वर्षांसाठी जपानची होणार आणि त्यानंतर पुन्हा फ्रान्सकडे जाणार. माती तीच, झाडं तीच, देश मात्र बदलणार, तोही भांडणतंटा न करता. ही गोष्ट ऐकून त्यांना घर बदलणारा खेकडा आठवला. म्हणून शहरांच्या कवचांना त्यांनी उपशीर्षक दिलं 'बॉर्डर', सरहद्द.

आता कल्पना सुचणं वेगळं आणि खेकड्याने ती मान्य करणं वेगळं. सुरुवातीला त्यांनी गोल, साधे आकार करून पाहिले. खेकड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी खऱ्या शंखांचं सीटी स्कॅन केलं, आतला मळसूत्री जिना जसाच्या तसा संगणकात घेतला, आणि थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक कवच छापलं. आतून शंख, बाहेरून शहर. तेव्हा कुठे खेकडे आत शिरले. आमच्या मते या कलाकृतीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून सुटतो. लोक वरची शहरं बघतात, फोटो काढतात. ती गोड दिसतात, आणि या कामाला खरा धोका त्या गोडपणाचाच आहे. खेकड्याला न्यूयॉर्कशी काही देणंघेणं नाही. त्याने जी गोष्ट स्वीकारली किंवा नाकारली ती आतली पोकळी होती.

त्याला ती पोकळी एवढी महत्त्वाची का, हे कळायला त्याचं अंग बघायला हवं. आपण बाजारात बघतो त्या चिंबोरीला सगळीकडून टणक पाठ असते. याला तशी नाही. डोकं, पाय, नांग्या कडक, पण मागचं पोट मऊ, उघडं आणि एका बाजूला पिळलेलं. बहुतेक शंखांचा पीळ उजवा, म्हणून याच्या पोटाचा पीळही उजवा. पोटाच्या टोकाला छोटे आकडे असतात, त्यांनी तो शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट धरून राहतो. ओढून काढू गेलात तर कधी कधी तुटेल पण सोडणार नाही. म्हणजे लाखो वर्षांत या प्राण्याने आपलं शरीरच दुसऱ्याच्या घराच्या मापाने घडवलं. आणि गंमत बघा, ते घर त्याला स्वतःला बांधता येत नाही. ते एखाद्या समुद्री गोगलगायीने बांधलेलं असतं. ती मेल्यावर मिळालं तर मिळालं.

शिवाय खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. त्यामुळे घर बदलणं ही आयुष्यात एकदाच येणारी अडचण नाही, ती पुन्हा पुन्हा येते. आणि प्रत्येक वेळी जुन्यातून निघून नव्यात शिरेपर्यंत, काही क्षण का होईना, ते मऊ पोट उघड्यावर असतं. आजच्या व्याख्यानात आम्हाला त्या क्षणाबद्दल बोलायचं आहे. निवारा आहे की नाही, एवढाच प्रश्न आपण सहसा विचारतो. जीवाला धोका असतो तो एका निवाऱ्यातून दुसऱ्यात जातानाच्या फटीत. इनोमातांची चित्रफीत ती फट दाखवते. कवच पारदर्शक असल्यामुळे आत शिरल्यावरही ते पोट, ते आकडे, सगळं दिसत राहतं. निवारा मिळाला, आडोसा मात्र गेला. भक्षकापासून वाचवणाऱ्या घराच्या भिंती काचेच्या केल्या तर ते घर उरतं का, हा प्रश्न टाकीसमोर उभं राहिल्यावर आपोआप पडतो.

आता आवाजाकडे येऊ. शंख आणि आवाज म्हटलं की लहानपणी सगळ्यांनी केलेला उद्योग आठवतो. शंख कानाला लावायचा आणि समुद्र ऐकायचा. तो समुद्र नसतो. खोलीतले बारीकसारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात, काही ठरावीक स्वर मोठे होतात, आणि आपल्याला गाज ऐकू आल्यासारखी वाटते. पूर्ण निःशब्द खोलीत तोच शंख कानाला लावा, फारसं काही ऐकू येणार नाही.

प्रदर्शनातली ती टाकीही प्रेक्षकाला जवळजवळ मुकी वाटते. पण खेकड्याचं घर बदलणं हा मुळीच शांत कारभार नाही. युरोपच्या किनाऱ्यावर पॅगुरस बर्नहार्डस नावाची जात आहे. रॉबर्ट एलवूड आणि मार्क ब्रिफा या अभ्यासकांनी तिच्या शंखावरून होणाऱ्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. एका खेकड्याला दुसऱ्याचा शंख आवडला की तो जाऊन तो शंख पकडतो. आतला घाबरून आत दडतो. मग हल्ला करणारा आपला शंख त्याच्या शंखावर आपटायला लागतो. ठक ठक ठक ठक, मग जरा थांबायचं, पुन्हा ठक ठक ठक. जोरात आणि कमी विश्रांती घेत ठोकणारा बहुधा जिंकतो. आतल्याला किती सोसायचं हे ठरवावं लागतं, आणि शेवटी तो पकड सोडून उघडाच बाहेर येतो. हल्लेखोर दोन्ही शंख तपासून हवा तो घेतो, उरलेला त्या बिचाऱ्याला मिळतो. घरमालकाने दार वाजवून भाडेकरूला हैराण करावं, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथे दार वाजवणाराही भाडेकरूच.

नेहमी भांडणंच होतात असं नाही हं. कधी कधी रांग लागते. एखादा मोठा रिकामा शंख सापडला की जमिनीवर राहणारे याच कुळातले खेकडे त्याच्याभोवती जमतात आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात गेला की त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्या जुन्यात तिसरा, आणि काही क्षणांत सगळी रांग एकेक घर पुढे सरकते. बेलीझमध्ये याची नीट निरीक्षणं झाली आहेत. हा विचार खेकड्यांकडे आला तो समाजशास्त्रातून. माणसांच्या नोकऱ्या आणि घरं एक रिकामी झाली की तिच्यामागे रिकाम्या जागांची साखळी कशी तयार होते, यावर अभ्यास झाला होता, आणि आयव्हन चेस या समाजशास्त्रज्ञाने तो खेकड्यांना लावून पाहिला. पुनर्विकासात इमारत रिकामी करून संक्रमण शिबिरात राहिलेल्या मुंबईकराला ही साखळी कुठे तुटते, हे वेगळं सांगायला नको.

आता ही ठकठक, ही पाण्यातली वर्दळ ऐकवणारी कलाही आहे. नॉर्वेच्या याना विंडेरेन यांचं काम आम्ही इनोमातांच्या टाकीशेजारी ठेवून बघतो. ही जोडी आमची आहे, त्या दोघींनी एकत्र काम केल्याचा दावा नाही. विंडेरेन यांनी कलेच्या आधी गणित, रसायनशास्त्र आणि माशांचं पर्यावरण शिकलं होतं. त्या हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा मायक्रोफोन, घेऊन समुद्र, नद्या, हिमनद्यांच्या भेगा यांत उतरतात. २००९ साली, म्हणजे इनोमातांनी खेकड्याला घर देऊ केलं त्याच साली, त्यांचं 'द नॉइझिएस्ट गाईज ऑन द प्लॅनेट' हे ध्वनिमुद्रण आलं. पृथ्वीवरचे सगळ्यात गोंगाटी गडी. कोण? खेकडे-कोळंबीच्या कुळातले दहा पायांचे प्राणी. नंतर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयात त्यांचं 'अल्ट्राफील्ड' मांडलं गेलं. एका खोलीत चहूबाजूंनी ध्वनिवर्धक आणि त्यातून वटवाघळांचे, पाण्यातल्या किड्यांचे, माशांचे आवाज. माणसाच्या कानापलीकडचे स्वर त्यांनी खाली आणून ऐकू येतील असे केले होते. बघायला काही नाही. अंधारात उभं राहायचं आणि आपण कुणाच्या तरी वस्तीत आलोय हे कानाने समजून घ्यायचं.

त्या गोंगाटाचा राजा म्हणजे स्नॅपिंग श्रिंप, चुटकी वाजवणारी कोळंबी. एक नांगी भलीमोठी. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटण्याचा कडाड् आवाज होतो. आवाज नांगी आपटण्याचा नसून बुडबुडा फुटण्याचा आहे, हे २००० साली वेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. हजारो कोळंब्या एकदम वाजवायला लागल्या की तव्यावर फोडणी तडतडावी तसा आवाज सतत येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला या तडतडीने इतकं हैराण केलं की शास्त्रज्ञांना ती कुठून येते ते शोधायला लावलं. कोळंब्यांच्या वस्त्यांमध्ये पाणबुडीचा आवाज झाकला जातो, हेही तेव्हाच ध्यानात आलं. आवाजाचा आडोसा! आपल्याकडे गोव्यात ग्रांदे बेटाजवळच्या प्रवाळांमध्ये दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याखालचे आवाज नोंदवले आहेत, तिथेही ही तडतड आहे.

मग या आवाजाचा निवाऱ्याशी संबंध काय? थेट आहे. प्रवाळातल्या बऱ्याच माशांची पिल्लं जन्मल्यावर खुल्या समुद्रात वाहत जातात आणि काही आठवड्यांनी घर शोधत परत येतात. २००५ साली स्टीव्ह सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाजवळ मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचे छोटे ढीग रचून काहींवर प्रवाळाचा आवाज वाजवला. पिल्लं आवाज असलेल्या ढिगांवर जास्त आली. त्यांच्यासाठी ती तडतड म्हणजे घराचा पत्ता होती. पुढे ग्रेट बॅरियर रीफचे काही भाग उष्णतेने मेले, तिथला गलका ओसरला, आणि मेलेल्या प्रवाळाकडे यायला माशांना खूणच उरली नाही. तेव्हा टिमोथी गॉर्डन, सिम्पसन वगैरे मंडळींनी मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांवर ध्वनिवर्धक ठेवून निरोगी प्रवाळाचा जुना आवाज वाजवला. ४० दिवसांत तिथे आवाज नसलेल्या तुकड्यांच्या दुप्पट मासे जमले. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाळ त्याने जिवंत होत नाही, हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. पण उजाड घरात माणसांचा आवाज सुरू झाला की शेजारी डोकावतात, तसं काहीसं.

आणि दुसऱ्या बाजूला आपला आवाज. २०१७ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शंखातल्या खेकड्यांना नवा शंख देऊ केला, काहींना शांततेत आणि काहींना गोंगाटात. गोंगाटातले खेकडे शंखाजवळ लवकर गेले, नांग्यांनी आतून-बाहेरून तपासायला कमी वेळ दिला आणि पटकन आत शिरले. एरवी हा प्राणी घर घेताना किती चिकित्सा करतो! तोंडाचं माप, आतली पोकळी, भोक आहे का, सगळं चाचपून बघतो. गोंगाटात ती चिकित्सा गेली. त्याआधी २०१० मध्ये कॅरिबियन बेटावरच्या एका प्रयोगात असं दिसलं की बोटीच्या इंजिनाचा आवाज चालू असताना असे खेकडे भक्षकाला जास्त जवळ येऊ देतात. लक्षच नसतं. मघाशी आपण ज्या फटीबद्दल बोललो, जुनं सोडून नवं घेण्याचा तो उघडा क्षण, नेमका त्यावर आपल्या इंजिनांचा आवाज येऊन बसतो. इनोमातांच्या टाकीकडे बघताना आम्हाला म्हणूनच वाटतं की तिथे आवाज असायला हवा होता. हा आमचा आग्रह आहे, कलाकृतीतला दोष म्हणून सांगत नाही.

अशा व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो, तो आधीच घेऊ. खेकड्याला असं वापरणं बरोबर आहे का? अवघड प्रश्न आहे. फ्रेंच कलाकार पिएर ह्यूघ यांनी तर २०११ मध्ये टाकीतल्या खेकड्याला ब्रांकुशीच्या 'निद्रिस्त म्यूझ' या शिल्पाची प्रतिकृती घर म्हणून दिली. माणसाचा झोपलेला चेहरा पाठीवर घेऊन खेकडा चालतो. दिसायला थरारक आहे, पण तिथे खेकडा चेहऱ्याचा हमाल झालाय असं आम्हाला राहून राहून वाटतं. इनोमातांच्या बाबतीत निदान एवढं आहे की कलाकाराला हरता येतं. खेकड्याने नाही म्हटलं की कवच पडून राहतं, आणि सुरुवातीला तसंच झालं होतं.

टाकीबाहेर मात्र निवड तितकी मोकळी उरलेली नाही. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर १९७८ ते १९८१ आणि २००८ ते २०१० अशा दोन काळांत शिंपल्यांची मोजणी झाली. पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले ६० टक्क्यांहून जास्त घटले होते. मालवणला किंवा गोव्याला जाऊन पिशवीभर शंख आणणाऱ्यांनी हा आकडा जरा मनात ठेवावा. शंख नसेल तर खेकडा मिळेल ते घेतो. २०२४ मध्ये पोलंडच्या अभ्यासकांनी लोकांनी काढलेली छायाचित्रं धुंडाळली, त्यात ३८६ खेकडे कृत्रिम घरात सापडले. बहुतेक प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणात. काच, बल्बची मागची टोपी, असंही काही. इनोमातांचं कवच गॅलरीत उभं राहिलं की त्याला कला म्हणतात. किनाऱ्यावरचं झाकण तीच गोष्ट कुणाच्या सहीशिवाय करतं.

सगळ्यात वाईट हकीकत हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांची आणि प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटाची. तिथे वाहत आलेल्या बाटल्या तोंड वर करून तिरक्या पडतात. जमिनीवरचा खेकडा आत उतरतो, गुळगुळीत प्लास्टिकवरून त्याला वर चढता येत नाही, आणि तो मरतो. या खेकड्यांमध्ये मेलेल्या भाईबंदाचा वास म्हणजे 'इथे शंख रिकामा झालाय' अशी खूण. त्या वासाने दुसरा येतो, मग तिसरा. एका डब्यात ५२६ खेकडे सापडले. दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे असे मेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेलीझच्या किनाऱ्यावरची ती शहाणी रांग आठवा. ही तीच रांग आहे.

जाता जाता इनोमातांचं आणखी एक काम सांगतो, कारण ते याच प्रश्नाची उलटी बाजू आहे. 'थिंक इव्होल्यूशन' नावाच्या कामात त्यांनी ऑक्टोपसला अमोनाइटचं कवच दिलं. अमोनाइट म्हणजे ऑक्टोपसच्या कुळातले, शंखासारखी गोल कवचं असणारे प्राणी. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते नाहीसे झाले, आपण त्यांना जीवाश्मांतून ओळखतो. ऑक्टोपसच्या पूर्वजांनी कवच कधीच सोडून दिलं होतं. त्याला ते पुन्हा देऊन काय होतं, ते चित्रफितीत दिसतं : तो कवच चाचपतो, हात घालतो आणि आत शिरतो.

खऱ्या समुद्रातही हे घडतं. पुन्हा २००९ सालीच प्रसिद्ध झालेली गोष्ट, हा योगायोग आम्हाला भारी आवडतो. इंडोनेशियाजवळ काही अभ्यासकांनी ऑक्टोपस पाहिले, जे माणसांनी फेकलेल्या नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून, पाय ताठ करून, काठ्यांवर चालल्यासारखे वाळूवरून जात होते. धोका आला की दोन करवंट्या जुळवायच्या आणि आत बसायचं. पण अभ्यासकांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली. करवंटी वाहून नेताना ऑक्टोपस नेहमीपेक्षा हळू चालतो, आणि त्या वेळात करवंटी त्याचं काहीच रक्षण करत नाही. डोकं आणि हात सगळे उघडेच असतात.